पवनची चप्पल

वाघ पाहायला जायचं असेल ना, तर आधी जिप्सीची बॅटरी पाहून घ्या बाप्पा! मी आणि माझा साळा पवन चोरखमाऱ्याच्या गेटातून जंगलात सफारीला गेलो होतो. आत माकडं ओरडायला लागली. गाईड दुर्गाताई म्हणाली, "कॉल होऊन राहिला, वाघ जवळच आहे. गाडी बंद कर." ड्रायव्हरनं बंद केली, आणि बांबूतून वाघीण निघून समोर रस्त्यावरच बसली. आमच्याकडं तोंड करून.

"मागं घे," दुर्गाताई कुजबुजली.

ड्रायव्हरनं चावी फिरवली. नुसतं टक.

"काऊन चालू नाही होऊन राहिली?"

"धक्का लागते ताई. मागं उतार आहे, पुढून ढकला."

मी म्हणालो, "खाली उतरायची मनाई आहे ना?"

"मनाईच आहे. उतरा लवकर," दुर्गाताई म्हणाली.

म्हणजे हात बोनेटवर आणि पाठ वाघिणीकडं! मागं पाचोळा वाजला.

पवन म्हणाला, "भाऊजी, उठली का ते?"

"पाहू नको. ढकल!"

इंजिन धडधडलं तसे आम्ही दोघं बोनेटवरच चढलो.

गेटावर गार्डनं विचारलं, "कोणी खाली उतरलं होतं का?"

"नाही जी," आम्ही एका सुरात म्हणालो. गार्ड पवनच्या अनवाणी पायाकडं पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरचा फोन आला. "भाऊ, तिथंच चप्पल दिसली."

"मग आण ना उचलून."

"अर्धीच आहे जी."