पाटीवरची तालीम

(दुपारची वेळ. कारध्यात तृप्तीच्या घरची मधली खोली. डॉक्टरांनी तृप्तीला बोलायला मनाई केली आहे. तिचं सगळं बोलणं पाटीवर लिहून चालतं.)

शकुबाई : ...आनं हे कायचं सोंग? पेल्यात पानी, पान्यात नळी, नळीतून बुडबुडे! सात वर्षं कंपनीची हिरोईन तू. दिवाळी झाली का गावोगाव मंडईची जत्रा, जत्रेत नाटक, आनं नाटकात लोक तुह्या गान्याची वाट पाहेत. आता अंगनवाडीतल्या पोट्ट्यावानी बुडबुडे काढत बसली.

तृप्ती (पाटीवर) : गळ्याचा व्यायाम आहे.

शकुबाई : पाटी नको दाखवू बापा. मले कुठी वाचता येते? अंकुशनं सांगतलं अंगनात. चांगला नवरा भेटला तुले, रडत होता. नागपूरची डाक्टरीन म्हने, गळ्यात दोन गाठी आल्या, तांदळाएवढ्या. तीन आठवडे चूप. कुजबुजाचं बी नाही. दिवसभर घोट घोट पानी. खाकराचं नाही. श्वास घ्याचा तो पोटातून, खांदे उचलाचे नाही. आनं गान्याची पट्टी उतरवाची, ऑर्गनवर काळी पाच सोडून काळी तीनवर याचं. काळी तीन! मंग स्टेजवर कायले जाते, घरीच आरती म्हन.

तृप्ती (पाटीवर) : मला शिकवलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं का?

शकुबाई : अवं, म्हनलं न वाचता येत नाही. काय लिवलं? चहा घेता का म्हनते? घेतो.

तृप्ती (पाटीवर) : माहीत होतं का?

शकुबाई : आता त्याच्याच खाली कमी लिवलं. तरी तेच. अंकुशले पाठवून बलावनं धाडलं, मी कामं सोडून आली, आनं तू बोलत त नाहीस. मुक्यानं लिवाचं आनं अडान्यानं वाचाचं, असा मुजरा नाही पाह्यला कधी.

टीना : ताईऽ! येऊ का आत? दरवाजा उघडाच हाय म्हणून... अरे, शकुआजी! तुम्ही बी इथंच?

शकुबाई : ये. कंपनीवाल्या भैयाजीची नवी हिरोईन. आनं मले आजी नको म्हनू, नाटकात आजी हाय मी, तुह्या घरची नाही.

टीना : सवय झाली हो, तालमीत दिवसभर आजी आजीच चालते. ताई, तुम्ही बोलू नका हं, बिलकुल नाही! भैयाजींनी सांगितलं मला सब. भंडाऱ्याहून स्कूटीनं आली मी, पुलावर इतका जाम! हे काय लिहिलं? "मला शिकवलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं का?" काय माहीत होतं, आजी?

शकुबाई : हे इतकी नाव काढन, हे मले मालूम होतं का, ते विचारते. होतं म्हनून सांग तिले.

टीना : कित्ती मस्त! ताई, आजी म्हणतात, होतं.

शकुबाई : आयकलं तिनं. कान चांगले हायत तिचे.

टीना : ताई, माझं काम असं हाय. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी करडीच्या मंडईत पहिला प्रयोग. आठ दिवस राहिले. डायलॉग पाठ, नाच बसला, पण दुसऱ्या अंकातलं तुमचं गाणं, त्यातला तो वरचा सूर लागतच नाही. आवाज फाटते. भैयाजी म्हणाले, जा, तृप्तीकडून शिकून ये. ती नाही म्हणणार नाही.

तृप्ती (पाटीवर) : गाऊन दाखव.

टीना : आता? बरं. "बांधावरी उभी मी एकलीऽऽ..." बघा! इथंच. "एकली"वर आली का फाटली.

तृप्ती (पाटीवर) : खांदे खाली. श्वास पोटात घे. घाई नको.

टीना : खांदे खाली... पोटात... "उभी मी एकलीऽऽऽ" अय्यो! ताई, लागला न? अर्धा तरी लागला! एका मिनिटात!

शकुबाई : हं.

टीना : ताई, तुम्ही त जादूगार हाय. थांबा, तुम्हाला एक दाखवते. हे बघा पाम्पलेट. कालच छापून आले. फोटो माझा. तुमचाच घागरा घातला मी, कमरेत चार बोटं आत घ्यावा लागला, पण मस्त बसला. आनं तुमचं नाव बी हाय! इथं खाली. बारीक हाय जरा. "मार्गदर्शन".

तृप्ती (पाटीवर) : मी तीन आठवड्यांनी परत येणार आहे.

टीना : "...परत येणार आहे." हो न! भैयाजींनी ठेवलं न तुमच्यासाठी काम. आईचं. माझ्या आईचं! पहिल्या अंकात खोकलून खोकलून मरते ती. गाणं एक बी नाही, म्हणजे गळ्याला आरामच आराम. पांढऱ्या केसांचा टोप सांगितला हाय नागपूरला.

तृप्ती (पाटीवर) : मी एकतीस वर्षांची आहे.

टीना : टेन्शन नका घेऊ ताई, मेकअपमध्ये पन्नाशीच्या सहज दिसान.

शकुबाई : मी चव्वेचाळीसची होती. भैयाजीनं मले एका दिवसात आई केलं होतं, हिच्यासाठी. हे तवा चोवीसची. आईची आजी व्हाले मंग टाइम नाही लागत.

टीना : म्हणजे लाइनच हाय तर! ताई, पुन्हा गाऊ? तोच सूर?

तृप्ती (पाटीवर) : गा. खांदे वर.

टीना : वर? आता त खाली म्हणाल्या तुम्ही.

तृप्ती (पाटीवर) : ते खोलीत गायचं. स्टेजवर खांदे वर. श्वास छातीत भरायचा.

टीना : पण यूट्यूबवर एक मॅडम हाय न, ती म्हणते पोटातूनच घ्या. पाणी पीत राहा म्हणते, आवाज तापवा म्हणते, थकला का थांबा म्हणते. मी दोन महिने तेच करून राहिली.

तृप्ती (पाटीवर) : त्या मॅडम मंडईत गायल्या आहेत का? पाच हजार माणसांपुढे? थंडीत?

टीना : "...थंडीत?" नाही हो. एसीत बसून सांगते ती.

शकुबाई : झालं मंग.

तृप्ती (पाटीवर) : पाणी बंद कर. पाण्याने सूर पातळ होतो. प्रत्येक प्रवेशाआधी कडक चहा घे.

टीना : कडक चहा. थांबा, मोबाइलमध्ये लिहून घेते. पाणी... बंद. हां, बोला. म्हणजे, लिहा.

तृप्ती (पाटीवर) : आता गळा आवळ. सूर खालून वर ढकल. सगळा जोर इथे.

टीना : इथे म्हणजे गळ्यावर? बरं. "उभी मी एकलीऽऽऽऽ" लागला! ताई, पुरा लागला! आजी, आयकलं न तुम्ही?

शकुबाई : आयकलं. पार नदीपर्यंत गेला असन.

टीना : थोडं जळजळते आतमध्ये.

तृप्ती (पाटीवर) : जळजळलं म्हणजे सूर बसला. तीच खूण.

टीना : अच्छा! आनं मी त घाबरून सोडून देत होती. मग खवखवलं त काय करू?

तृप्ती (पाटीवर) : जोरात खाकरून साफ कर. गात राहा.

टीना : आनं पट्टी? ऑर्गनवाले मंगरूभाऊ म्हणत होते, पोरी, तुझ्यासाठी काळी तीन करून पाहू का.

तृप्ती (पाटीवर) : काळी पाच. पट्टी उतरली की हिरोईन उतरली.

टीना : "पट्टी उतरली की हिरोईन उतरली." बापरे. हे त भिंतीवर लिहून ठेवते मी.

शकुबाई : ठेव.

टीना : ताई, एक खरं सांगू? रागवू नका. येताना मी पुलावर गाडी थांबवली होती. परत जावं वाटलं. म्हटलं, मी यांच्या जागेवर आली, ह्या मला कायला शिकवतीन, हाकलून देतीन. आनं घाबरली का मी जास्त बोलते. ते पाम्पलेट, तो घागरा, टोपाचं... काय काय बोलली मी तुमच्यापुढं! घरी मम्मी बी म्हणते, तुझ्या तोंडाला लगाम नाही. आनं तुम्ही तरी बी इतकं जीव तोडून शिकवलं. मला असं कोणीच नाही शिकवलं, ताई.

शकुबाई : पोरी, ते रडनं राहू दे. मागं जा, चहा मांड. आलं टाकजो. उकळू दे चांगला.

टीना : हो आजी. आणते.

शकुबाई : गेली. पुस आता.

तृप्ती (पाटीवर) : काय पुसू?

शकुबाई : जे लिवलं ते. पोरगी मोबाइलात उतरवून गेली, तिले वापस बलाव आनं सांग.

तृप्ती (पाटीवर) : तुम्हाला वाचता येतं.

शकुबाई : चौथी पास हाय मी. तीस वर्षं नाटकाची वही काय भैयाजी वाचून दाखवत होता मले? तुह्या पाटीवरचं मले वाचाचं नव्हतं, म्हनून नाही वाचलं.

तृप्ती (पाटीवर) : तुमच्याही गळ्यात गाठी होत्या?

शकुबाई : होत्या. तुले शिकवाले बसली, त्याच्या महिनाभर आधी दाखवला होता गळा. त्या डाक्टरनं बी असंच सांगतलं होतं. घोट घोट पानी, पोटातून श्वास, खाकरू नका, पट्टी उतरवा. अक्षर न अक्षर पाठ होतं मले. उलटं शिकवाचं त सुलटं पाठ असा लागते, तृप्ते. नाहीतर चुकून एखादी गोठ खरी सांगून जाते मानूस.

तृप्ती (पाटीवर) : का?

शकुबाई : भैयाजीनं माह्या अंगावरचा घागरा काढून तुले देल्ला. आनं तू, तू माह्या पाया पडली. म्हने, बाई, मले तुमच्यासारखं गाचं हाय. मी म्हनलं, गा मंग माह्यासारखं.

तृप्ती (पाटीवर) : मी तुम्हाला आई मानत होते.

शकुबाई : मालूम हाय. सनावाराले लुगडं आनत होती. तुह्या त्या लुगड्याची लाज वाटे मले, म्हनून नेसली नाही कधी. रोज म्हनो, उद्या खरं सांगून टाकू. आनं रोज तू जे सांगतलं ते करून दाखवत होती, लोक टाळ्या पिटत, आनं मी विंगेत उभी, टोप घालून. तो उद्या काही आला नाही. लय वाईट केलं मी. हे मले कोनी सांगाची गरज नाही.

तृप्ती (पाटीवर) : आता सांगता?

शकुबाई : आता सांगतो, कावून का तुह्या हातात खडू हाय. चहा उकळे तवर टाइम हाय. तीन शब्द लिवाचे. "हे खोटं आहे." बस. मले नाही जमलं. तू माह्यापेक्षा चांगली हायस, म्हनून म्हनतो. पोरगी वाईट नाही. तोंडाची फाटकी हाय, बस.

तृप्ती (पाटीवर) : मला किती वर्षं लागली?

शकुबाई : कायले?

तृप्ती (पाटीवर) : गळा जायला. तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?

शकुबाई : ते कायले पाह्यजे तुले आता?

तृप्ती (पाटीवर) : सांगा.

शकुबाई : पाच. पाचव्या वर्षी, पवनीकडच्या एका मंडईत. तुह्या आवाजात रेती आयकू आली मले. लोकाइले नाही आली. मले आली.

तृप्ती (पाटीवर) : मग तुम्ही काय केलंत?

शकुबाई : टाळ्या वाजवल्या.

टीना : चहा घ्या, चहा! आजी, तुमचा कडक. ताई, तुमचा मी थोडा गार करून आणला, गळ्याला लागू नये म्हणून. अरे, पाटी कोरी? सब पुसून टाकलं? बरं झालं मी उतरवून घेतलं.

शकुबाई : तृप्ती काही सांगनार हाय तुले.

टीना : हो? सांगा न ताई. पण त्याआधी माझं एक आयका. चहा उकळत होता न, तर मी मागं उभी राहून तोच सूर लावून पाह्यला, गळा आवळून, तुम्ही सांगितलं तसा. तीन वेळा लागला! मग मी विचार करत होती, हे पूर्ण असं, तुमच्यासारखं गायला मला किती वर्षं लागतीन?

शकुबाई : लिव, तृप्ते. पोरगी विचारून राहिली. लिव.

तृप्ती (पाटीवर) : पाच.

टीना : पाचच? मी त चारातच करून दाखवते, ताई.