पांढऱ्या बगळ्याचा हात

यून-शी : हात बाहुल्यात जात नाहीये, गुरुजी. बोटांच्या पेरांपाशीच अडकतंय. जोर केला तर शिवण उसवेल.

बुन-थोंग : तेव्हा मी बारीक होतो. पन्नास वर्षं झाली, पोरी. माणूस सुटतो.

यून-शी : पोट सुटतं. पंजा कसा सुटेल? हा तुमचा हात बघा आणि ही बाहुल्याची बाही बघा.

सिऊ-बी : रेशीम आटलं असेल. पेटीत किती वर्षं कोंडलेलं. तू चहा घे. शेंगा घे, इथल्याच आहेत, हूवेईच्या.

यून-शी : एवढं आटतं रेशीम, आजी?

सिऊ-बी : मला काय विचारतेस? गुरुजी ते आहेत. मी नुसती गुरुजींची बायको.

बुन-थोंग : तू मध्ये बोलू नकोस. यून-शी, तू असं कर, दुसरा बाहुला घे. माझ्याकडे दीडशे आहेत.

यून-शी : दुसरा कसा घेऊ? शनिवारी त्या भागाला पन्नास वर्षं होतात. तुमच्या मालिकेतला हा वीर, पांढरा बगळा, मेला, तो भाग. आमच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत तुमच्या हाताचा साचा उभा करायचा आणि त्यावर हाच बाहुला चढवायचा, असं ठरलंय. माझे आजोबा अजून सांगतात. त्या दुपारी शेतात पाणी सोडून सगळं गाव दुकानातल्या टीव्हीपुढे बसलं होतं. आणि बगळा पोटात तलवार घुसल्यावर लगेच पडला नाही. थांबला, बाहीनं डोळे पुसले, मग पडला. आजोबा ते सांगताना रडतात. रोज नाही, पण रडतात.

बुन-थोंग : त्या डोळे पुसण्यावर मी तैपेईच्या विद्यापीठात तीन तास बोललोय.

सिऊ-बी : साडेतीन. मी बाहेर बाकावर होते.

यून-शी : आजी, हा जरा धरता? मी बाहीचं माप घेते. साच्याची बोटं थोडी तासता आली तर... आजी!

सिऊ-बी : काय झालं?

यून-शी : तुमचा हात आत गेला. सरळ.

सिऊ-बी : तूच म्हणालीस, धरा.

यून-शी : आणि हा माझ्याकडे बघतोय! मान कशी वळवलीत त्याची?

बुन-थोंग : काढ हात. बाबा बघतायत.

सिऊ-बी : तुझे बाबा भिंतीवर आहेत, म्हाताऱ्या. एकोणतीस वर्षं झाली त्यांना तिथं टांगून. ते काय बघतायत?

यून-शी : त्यांचा काय संबंध?

बुन-थोंग : आमच्या खेळात बाईनं बाहुल्यांच्या पेटीवर बसायचंसुद्धा नाही. हात लावणं तर लांबच. खेळाचा देव कोपतो. माझ्या बहिणीनं एकदा एक बाहुली खेळायला घेतली, तर बाबांनी ती अंगणात जाळली. नवीकोरी.

यून-शी : मग आजींना ही मान...

सिऊ-बी : सांग तिला. नाहीतर मी सांगते. मला तीन तास लागत नाहीत.

बुन-थोंग : हे बघ यून-शी, तीस पात्रांचे आवाज मी एकटा काढायचो. तोंड माईकला, डोळे कागदावर. बाहुले खालून दुसरेच नाचवणार. तसंच असतं.

यून-शी : पण बगळा तुम्ही स्वतः धरायचात. सगळीकडे तसं लिहिलंय.

बुन-थोंग : लिहिणाऱ्यांनी मला विचारलं नाही.

सिऊ-बी : विचारलं. तू हो म्हणालास.

बुन-थोंग : एकाला! फक्त एकाला म्हणालो.

सिऊ-बी : बाकीच्यांनी त्याचं बघून लिहिलं.

बुन-थोंग : बगळा आमच्या मंडळीतला कोक-हिन धरायचा. त्या दिवशी तो शिळी कालवं खाऊन आडवा पडला. थेट प्रक्षेपण, हातात अर्धा तास. बाबा बाहेर स्टुडिओच्या साहेबांशी बोलत बसलेले. मग हिला मी मंचाखाली घुसवली आणि वरून काळं फडकं टाकलं. घरी बसून ती रोज माझी तालीम बघायची. तिला सगळं पाठ होतं.

सिऊ-बी : थोरली तेव्हा चार महिन्यांची. शेजारणीकडे टाकून आले होते.

यून-शी : अरे देवा. म्हणजे तो हात... गुरुजी, शनिवारी मंत्री येणार आहेत.

सिऊ-बी : येऊ देत. साचा माझ्या हाताचा घे.

बुन-थोंग : अगं, काय बोलतेस? लोक मला काय म्हणतील?

सिऊ-बी : तुझा आवाज तुझाच होता, त्याला कोण नाही म्हणतंय? पन्नास वर्षांत तुझ्याकडे मी दोन गोष्टी मागितल्या. एक रंगीत टीव्ही. तो मुलीनं आणला. आता हे मागते. हात माझा जाईल.

यून-शी : थांबा, मी आमच्या मॅडमना फोन लावते... हो मॅडम... नाही, त्यांच्या पत्नींचा... हो, अगदी चपखल बसतोय... बरं. बरं. विचारते. आजी, मॅडम म्हणतात हात तुमचा चालेल. पण पाटी बदलता येणार नाही. ‘गुरुजींचा हात’ असं दगडात कोरून झालंय.

बुन-थोंग : हे बरं झालं. कुणाचंच बिघडलं नाही.

सिऊ-बी : माझा हात, त्याचं नाव.

यून-शी : मला खरंच वाईट वाटतंय, आजी.

सिऊ-बी : तू वाईट वाटून घेऊ नकोस. तेव्हा फडक्याखाली होता, आता काचेखाली. उजेड तरी लागेल त्याला. आण ती साच्याची बादली.

यून-शी : गार लागेल हं. दाताचे डॉक्टर वापरतात तीच पावडर आहे. मनगटापर्यंत बुडवा. आता पाच मिनिटं अजिबात हलायचं नाही.

सिऊ-बी : त्या दिवशी मंचाखाली दोन तास होते. पायाला मुंग्या येऊन पाय हरवला होता माझा.

यून-शी : गुरुजी, तेवढ्यात तुमचं चित्रीकरण उरकते. शनिवारी मोठ्या पडद्यावर दाखवायचंय. खुर्ची इकडे घ्या. कॉलर नीट करा. हं, कॅमेरा चालू केलाय. सांगा, मरताना बगळ्यानं डोळे पुसले, ते तुम्ही कसं केलंत?

(बुन-थोंग घसा खाकरतो. बादलीकडे बघतो.)

यून-शी : विद्यापीठात सांगितलंत तेच सांगा. थोडक्यात.

सिऊ-बी : सांग की. तुझं पाठ आहे.

यून-शी : गुरुजी, कॅमेरा चालू आहे.

बुन-थोंग : असू दे चालू. तिला विचार. मी तेव्हा खाली वाकून बघितलं नव्हतं.