ओंजळीचा साचा

नाही, नाही, मॅडम — फोटो माझा काढा, कारखान्याचा काढा, हवा तर त्या कोपऱ्यातल्या घोड्याच्या फुटक्या साच्याचा काढा, पण ताईच्या हातांचा नाही. फोनवर तुम्ही एवढंच म्हणाला होतात, की चौकातल्या ओंजळीचा साचा कोणी काढला ते बघायचंय. मी काढला. बघा मला. बसा ना — त्या स्टुलावर नको, त्याला ओलं प्लास्टर लागलंय, इकडे बसा.

हा फोटो कुठला म्हणालात? वाळवंटातला? बाप रे, नुसता पंजाच, जमिनीतून वर आलेला. आणि हा घराएवढा कुत्रा — याला पुसत कोण असेल हो? एवढे देश फिरलात, एवढे पुतळे बघितलेत, आणि म्हणता आमची ओंजळ सगळ्यांत जिवंत वाटते. बरं वाटतं ऐकून, खोटं कशाला बोलू. जिवंत वाटणारच. ती घडवलेली नाही, माणसाच्या हातांवरून काढलेली आहे. साहेबांनी — म्हणजे शिल्पकारांनी, मी त्यांच्याकडे साच्यांच्या कामाला होतो — त्यांनी नंतर ती पुरुषभर उंच केली, पण रेघ न् रेघ माझ्या साच्यातली. उजव्या अंगठ्यावर विळ्याचा वण आहे, दिसला का तुम्हाला? तो ताई चौदा वर्षांची असतानाचा. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा. तिनेच वाढवलं मला. पेंढ्या बांधायला जायची लोकांच्या शेतांवर, आणि काय बांधायची — इकडे तुम्ही पापणी लववा, तिकडे गाठ बसलेली. साहेबांनी ओंजळ करायची ठरवली, कोणाचे हात घ्यायचे, तर मीच म्हणालो, आमच्या ताईचे घ्या.

आता तिचे हात असे कसे? ते उकळत्या पाण्यानं झालं. हंडा उलटला. नंतर, बऱ्याच नंतर.

कोणी सांगितलं तुम्हाला? कोठाराच्या भिंतीवरच्या चित्रात? हां, तिथे बघितलंत होय. बारीक नजर आहे तुमची. सगळे येतात, पेरणी बघतात, मळणी बघतात, नदीवरची गुरं बघून वा वा करतात, आणि जातात. त्या पाच बायका पेंढ्या बांधतायत, त्यातल्या चौघींचे हात दिसतात आणि एकीचे पेंढीआड आहेत, हे आजवर कोणी मला विचारलं नव्हतं. हो, ती ताईच. आणि हो, भिंत आधी रंगवली, ओंजळ त्यानंतर चार महिन्यांनी चौकात बसली, खाली तारखा लिहिल्यात, वाचल्या असतील तुम्ही. मग हंडा बऱ्याच नंतर उलटला, हे कसं जमायचं. नाही जमत. बरोबर आहे तुमचं.

ती चित्रकार बाई चांगली होती हो. गावातली खरी माणसं समोर बसवून काढायची. ताईला म्हणाली, तुझे हात कसे काढू? ताई म्हणाली, आहेत तसे काढ, मला काय त्याचं. उजव्याची तीन बोटं नाहीत, डाव्याची दोन, आणि उरलेली वळत नाहीत — ती बाई तसंच काढायला बसली होती. मीच संध्याकाळी तिला परातीएवढ्या रंगाच्या डब्यांमध्ये गाठलं आणि म्हणालो, बाई, झाका ते. येता-जाता दिसतील लोकांना. खरं म्हणजे येता-जाता मला दिसले असते. माझा रस्ता तोच आहे.

सांगतो. तेवढं ते आवाज टिपायचं मशीन बंद करा — बंद आहे ना? नक्की? सांगतो. हे बघा, हात असे थेट प्लास्टरमध्ये घालायचे नसतात. आधी ती मऊ पेस्ट असते, दातांचे डॉक्टर मापाला वापरतात ना, तसली — तिच्यात ठसा घ्यायचा, हात बाहेर काढायचे, मग त्या ठशात प्लास्टर ओतायचं. कारण प्लास्टर घट्ट होताना तापतं. थोडंसं असलं तर कोमट, पण बादलीभर असलं तर मधोमध चुलीसारखं तापतं. कुठल्याही साचेवाल्याला विचारा, पहिल्या दिवशी शिकवतात. साहेबांनी मला पुन्हा सांगितलं होतं — पेस्ट मंगळवारी येईल, तोवर थांब. आणि ते गेले बाहेरगावी. आणि मी थांबलो नाही. का? मोठेपणा, दुसरं काय. म्हटलं, साहेब परत येतात तो टेबलावर साचा तयार. म्हणतील, पोरात दम आहे. ताईच्या हातांना तेल चोपडलं, बादली भरली, म्हटलं घाल. तिनं घातले. मी जे म्हणेन ते करायची ती.

गरम लागतंय रे, म्हणाली. मी म्हणालो, लागतं थोडं. मग म्हणाली, खूप लागतंय. मी म्हणालो, ताई, दोन मिनिटं, हलू नकोस, हललीस तर सगळं फुकट. नाही हलली. एवढी न हलणारी बाई मी बघितली नाही. आणि मग जेव्हा ओरडली, तेव्हा काढायचे म्हटलं तर निघेनात, दगड झाला होता. बादली कापून काढली. आत हात, बाहेर दगड.

पुढचं काय, पुढचं हेच. दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले, थोडं लवकर आणायला हवं होतं. ताई काय म्हणते माहीत आहे? आजही म्हणते, येईल-जाईल त्याला सांगते — भाऊ होता म्हणून एवढे तरी हात राहिले, दुसरा कोणी असता तर घाबरून धाड्‌दिशी घाव घातला असता आणि हाडांचा चुरा केला असता; हा मात्र बारीक छिन्नी घेऊन, घाम पुसत, तिळातिळानं कापत बसला. माझ्या बायकोसमोर सांगते, मुलांसमोर सांगते. पाठीवरून तो मोडका पंजा फिरवते आणि सांगते. मी ताटावरून उठून जातो. बायकोला वाटतं मला जुनी आठवण सोसत नाही.

तुम्ही असं बघू नका. तुम्हाला कळलंय, हो ना? दोन सारखे अर्धे भाग निघाले साच्याचे. शिवण सरळ, काठ कुठे तुटलेला नाही, साहेबांनी हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाले, एवढं स्वच्छ काम मी माझ्या आयुष्यात बघितलं नाही. स्वच्छ निघणारच. वीस मिनिटं लावली मी. आधी पेन्सिलीनं रेघ मारली, मॅडम. ती ओरडत होती आणि मी रेघ मारली. हातोडा माझ्या मांडीवर होता. तिला मी सांगितलं, तुझे हात जपतोय. आणि तेव्हा मला स्वतःलाही अर्धंमुर्धं तसंच वाटत होतं — नाही, नव्हतं वाटत. साचा जपत होतो. तो साचा गेला असता तर पुन्हा तिचे हात मिळणार नव्हते, हे मला रेघ मारतानाच कळलं होतं. हेच मी कुणाला बोललो नाही. तिनं मला भरवलंय त्या हातांनी. आणि हा कारखाना मला त्याच साच्यानं दिला, लोक लांबून येतात, ओंजळवाले कुठे बसतात विचारत. म्हणून म्हणतो, फोटो नको. तुम्ही पुस्तकात एका पानावर ती ओंजळ छापणार आणि समोरच्या पानावर ते हात, आणि ती तुम्हाला हसून सांगणार, माझा भाऊ होता म्हणून. आज तुम्ही येणार म्हणून मुद्दाम तिला बायकोबरोबर बाजारात धाडलं, संध्याकाळपर्यंत काही यायच्या ना—

मागे काय बघताय?

ताई. अगं, एवढ्यात? ही कुठे राहिली? पुढे का आलीस एकटी — ये, आत ये, ऊन आहे. या मॅडम, पुतळ्यांचे फोटो काढतात, आम्ही आपलं उगाच जुनं — कधीची उभी आहेस तू?

ताई, बस ना. पाणी देऊ? नको. बरं.

काय? नीट बोल, ऐकू नाही आलं.

मॅडम, तुम्ही निघा आता. कॅमेरा घ्या तो. नाही, नमस्कार नको, काही नको, निघा तुम्ही.

किती घावांत फुटलं असतं, विचारतेस?

एका. एका घावात, ताई.