दुरुस्तीचा वाटा

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मेघना, तू बसून राहा, उठू नकोस.

मी प्रदीपची मोठी बहीण, मेघनाची नणंद, सुलभा. माईकवर कधी बोलले नाहीये. आणि खरं सांगू? भाऊ गेला तरी रडू येत नाहीये, राग येतोय. सांभाळून घ्या.

प्रदीप कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. बेव्हर्ली पार्कच्या या सोसायटीत त्याने कोणाला सोडलंय? लिफ्टमध्ये गाठून सांगायचा, "प्रत्येक प्राण्याकडे शक्ती मोजकीच. वाढ, पिल्लं आणि शरीराची दुरुस्ती, यांत ती वाटायची. एकाला जास्त दिली की दुसऱ्याला कमी." ठीक आहे. वर्गात शिकव ना बाबा! पण हा सगळं घरात वापरायचा. लग्न इतक्या उशिरा का? "ताई, आपण हत्तीसारखे. सगळं सावकाश." मूल चाळिशीनंतर का? पुन्हा हत्ती. आई कपाळाला हात लावायची.

मग सई झाली आणि हत्तीचा एकदम मासा झाला. सकाळचं चालणं बंद. बीपीची गोळी आठवली तर. छातीत दुखतंय म्हणाला, म्हटलं चल डॉक्टरकडे. तर म्हणे, "आता सगळी शक्ती पिल्लाकडे. दुरुस्तीचा वाटा कमी होणारच. काही मासे तर अंडी घातली की मरतातच, ताई."

अरे, तू मासा आहेस का? मासा मुलीला शाळेत सोडायला जातो का?

समोरच्या फ्लॅटमधले भाई मघाशी म्हणाले, "सर तो एकदम फिट दिखते थे." दिखते थे, भाई. दिसायला काय जातंय?

मागच्या महिन्यात मी त्याला त्याच्याच भाषेत धरलं. म्हटलं, माणसाचं पिल्लू वर्षानुवर्षं आईबापाच्या जिवावर असतं, हे तूच शिकवतोस ना? मग बापाने टिकायला नको? मग दुरुस्ती शेवटी कशी ठेवलीस? तर हसून म्हणाला, "मुद्दा बरोबर आहे, ताई. जिंकलीस तू. परीक्षा संपल्या की दाखवतो डॉक्टरला."

परीक्षा अजून चालू आहेत. सई पहिलीत आहे.

जन्मभर त्याच्याशी वाद घातले. हा एकच जिंकले. काय करू मी या जिंकण्याचं?

उठा, आपण उभे राहू या. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका. त्याच्यासमोर गप्प बसायला मला कधी जमलं नाही, आज बसते.