ज्वलनाचं कारण

नाही, तिकडे नका बसू साहेब, त्या खुर्चीचा पाय सुटलाय — इकडे या, स्टूल घ्या, दाराबाहेरच बसू, आत अजून वरून काजळी गळते. हां, तर काय म्हणत होतात? ज्वलन. म्हणजे आग ना? मग सरळ आग का नाही लिहीत? — नाही, तुमचं बरोबरच असेल, अग्निशमनचा कागद म्हटल्यावर शब्दाला इस्त्री हवीच, पण मी आपला विचारतो. मोटर जळते, दुधाचं पातेलं जळतं, शेजारीण आमच्या नव्या पडद्यांवर जळते — पण शेजारणीचं ज्वलन चाललंय असं कुणी म्हणत नाही. हसा की, हसलात तरी चालेल. मला काही वाटत नाही. दहा दिवस झाले, कशाचंच काही वाटत नाही मला, जेवण जातं, झोप लागते, ही म्हणते एकदा रडा तरी, तर तेही येत नाही.

वाचा पुढे. ज्वलनाचा प्रारंभ, दुपारी अंदाजे दीड — बरोबर. ज्वलनाचं ठिकाण, लाकूडसामानाचं पॉलिश करण्याचा कारखाना — आता कारखाना कसला, तीन माणसांचं दुकान, बाबा, मी आणि धाकटा भाऊ, पण असू दे. ज्वलनात मृत, एक. ते बाबा. जेवण झालं की माळ्यावर तासभर पडायचे, तसे पडले होते. लोक म्हणतात म्हातारा जळून मेला. जळाले नाहीत हो ते. डॉक्टरांनी सांगितलं, धूर छातीत गेला, झोपेतच. चादरसुद्धा शाबूत होती, चष्मा उशाशी. म्हणजे जळाले नाहीत पण ज्वलनात गेले, असं ना? मग तुमचा शब्द तसा कामाचा आहे. आमच्या बोलण्यात एवढा फरक नाही करता येत.

कारण? सिगारेट लिहा. सगळ्यांनी तेच सांगितलंय. सांगितलं म्हणजे — आधी मीच म्हणालो. बंब उभा होता, सगळी गल्ली जमलेली, धाकटा टेम्पोतून उतरून पळत आला आणि मी ओरडलो, शंभरदा सांगितलं होतं आत ओढू नकोस! मग सगळेच म्हणायला लागले.

हा खालचा रकाना कसला? स्वयंज्वलन. आपोआप? — हं. हं. तेलाची फडकी, हो. काडी न लावता. — माहीत आहे ना, मला काय सांगता, त्याच तेलात हात बुडवून मोठे झालो आम्ही. जवसाचं तेल वाळताना हवा खातं, बाबा म्हणायचे, आणि खाता खाता त्याला ताप भरतो. म्हणून फडकं कधी चुरगळून टाकायचं नाही, तारेवर घालायचं, एकेक, मोकळं. वीस वर्षं ते काम धाकट्याचं. चिमटे लावून घालायचा, मी चिडवायचो, वहिनीला घरी मदत कर म्हणून. पण एक दिवस चुकला नाही. त्या दिवशी कसा चुकेल, त्या दिवशी तो नव्हताच, अकरालाच टेबल पोचवायला गेला होता.

असं काय बघताय? हो, अकराला. आणि आग दीडला. मग सिगारेट — धुमसत असेल ना, धुमसते की कधीकधी. जाताना मागच्या दाराशी एक ओढली होती त्यानं, ते खरं आहे. पहिल्या दिवशी म्हणाला, दादा, मी पायाखाली चिरडली. तिसऱ्या दिवशी म्हणाला, नक्की आठवत नाही. आता म्हणतो, दादा, तू म्हणतोस म्हणजे आतच टाकली असेन. पोलिसांना तसं लिहून दिलंय त्यानं, सहीसकट. तुमचा कागद गेला की केस उभी राहील.

फडकी? फडकी मी उचलली. दुसरं होतंच कोण. कपाटाला शेवटचा हात दिला, आठ-दहा फडकी झाली होती, पोटात कावळे ओरडत होते — पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंबली आणि खोका जिन्याखाली सारला. जेवून आल्यावर घालू म्हटलं. घर काय, रस्ता ओलांडला की घर. बाबा तेव्हा जिना चढत होते, गुडघा धरून, एकेक पायरी. वरून विचारलं त्यांनी, फडकी घातलीस का रे? मी म्हणालो, हो. पन्नाशी उलटली माझी, पण बापानं विचारलं की तोंडातून आधी हो निघतं. मग मी दार ओढून घेतलं. दारसुद्धा मीच ओढलं, ऊन येत होतं त्यांच्या अंगावर.

पेन का थांबलं? — नाही, हे मी तुम्हाला सांगितलं, कागदाला नाही. बोलता बोलता निघालं. तुम्हीच शब्द काढलात, आपोआप वगैरे. मला वाटलं तो रकाना भरला की कुणाचंच नाव नको, ना त्याचं ना माझं. पण आपोआप म्हटलं की तुम्ही विचारणार, फडकी कुणी ठेवली. विचारणारच ना? मग सिगारेटच बरी.

काल तो माझ्या पायाशी बसला. पाय धरले, सोडेचना. दादा, बाबांना मी मारलं, म्हणाला, तू तरी मला माफ कर. चाळिशीचा माणूस, लहान मुलासारखा हमसून हमसून. मी काय म्हणालो असेन? मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, केलं माफ.

हळू बोला — तोच येतोय, जेवायला बोलवायला. मिटा तो कागद. — ये रे, आलोच मी. काही नाही, साहेब निघालेच होते.