दहावं सायटेशन

नाही, मला सांगा, एक म्हणजे काय जास्त झालं का हो? मी काय हारतुरे मागत होतो? हत्तीवरून मिरवणूक? एक सायटेशन मागत होतो, एक! म्हणजे जगातल्या कुठल्याही डॉक्टरनं आपल्या पेपरात, अगदी तळाला, बारीक अक्षरात लिहायचं की बाबा, या माणसानंही यावर काहीतरी लिहिलंय. बास! तेवढंसुद्धा होऊ नये माझ्या नशिबात?

तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं मी या मेडिकल कॉलेजात उचकीवर संशोधन करतोय. हसा. सगळेच हसतात. अकरा वर्षं दर सहा महिन्यांनी कराराचा कागद, लेकीच्या शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांची नोकरी'पुढे 'तात्पुरती', आणि आत्ता कुठे पक्की जागा निघाली, तर आमचे मोठे साहेब म्हणतात, "इंडेक्स दहा पाहिजे. महिनाअखेरपर्यंत. नाहीतर... बघा बुवा." इंडेक्स दहा म्हणजे काय, तर तुमचे दहा पेपर असे हवेत की प्रत्येकाला कमीत कमी दहा सायटेशनं मिळालीयेत. माझे नऊ होते तसे! दहावा, 'जेवणानंतरची उचकी : छत्तीस रुग्ण', तो अडकला नवावर. आणि त्या नवातली चार माझीच, दोन बायकोची.

ती लहान मुलांची डॉक्टर. तिला म्हटलं, अगं, अजून एकदा घाल ना. "अहो, गोवराच्या पेपरात तुमची उचकी घातली तेव्हा संपादकानं विचारलं, ही इथे कशाला? मी नाही आता परत तोंड दाखवणार!" शेजारच्या खोलीतल्या किडनीवाल्यांच्या हातापाया पडलो. ते चष्मा पुसत, अगदी शांतपणे, "डॉक्टर... किडनीला उचकी लागते का?" नाही लागत! मलाही माहितीये! पण एक हो, एक! लोकांना उचकी लागली की म्हणतात कोणीतरी आठवण काढतंय, आणि मी उचक्यांत जन्म घालवला तर माझी आठवण कुणाला नाही! सकाळी दात घासायच्या आधी फोनवर आकडा बघायचा, नऊ. जेवताना नऊ. वॉर्डात पेशंटची नाडी मोजतोय आणि तोंडात नऊ... सिस्टर किंचाळल्या, "सर, नऊ? अहो, उठून बसलाय तो!"

आणि मग देव पावला! एका मासिकाकडून एक पेपर तपासायला आला. आमच्यात पद्धतच आहे, छापण्याआधी त्याच विषयातल्या माणसाकडे पाठवतात, त्याचं नाव गुप्त ठेवून. विषय? उचकी! मी शेरा मारला, 'अभ्यास चांगला, मात्र लेखिकेच्या नजरेतून एक अत्यंत मोलाचा पेपर निसटला आहे.' कुठला, ते आलंच असेल तुमच्या लक्षात. हो, वाटली लाज! पण अकरा वर्षं काढून बघा आणि मग बोला.

आठ दिवसांनी सुधारलेली प्रत आली. बाई गुणाची हो! घेतला माझा पेपर! एक नाही, दोन नाही, बारा ओळी! मी दार लावून घेतलं, वाचायला लागलो... 'परीक्षकांच्या सूचनेवरून हा पेपर वाचला. नावात रुग्ण छत्तीस, तक्त्यात सदतीस. त्यातले चौदा जेवलेलेच नव्हते. निष्कर्षांवर विसंबू नये.' पुढेही सगळं असंच! आणि खरं सांगू? बरोबर होतं हो! सदतिसावा मीच. मोजता मोजता मलाच लागली, मग मोजलं स्वतःला.

आता गंमत बघा. हे छापायचं की नाही, ते सांगायचं कोणी? मी! नको म्हणालो तर नऊ. हो म्हणालो तर अब्रू गेली. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. शेवटी बायको म्हणाली, "अहो, सायटेशन मोजणाऱ्या कॉम्प्युटरला शिव्या कळतात का?" मग लिहिलं, 'अत्यंत निर्भीड लेखन. एकही शब्द बदलू नये. तातडीने छापावे.' डोळे मिटले आणि पाठवलं.

एकोणतीस तारखेला आकडा हलला. दहा! साहेबांनी खुर्चीतून उठून हात मिळवला, नेमणुकीच्या कागदावर सहीसुद्धा केली. "अभिनंदन! काय लिहिलंय हो बाईंनी तुमच्याविषयी?" मी म्हटलं, "साहेब... बारा ओळी आहेत." "बारा!" लगेच शिपायाला हाक, "अरे, ते पान मोठं करून आण, जिन्यापाशी फळ्यावर लावू, सगळ्या कॉलेजला दिसलं पाहिजे!"

लावा म्हटलं साहेब, खुशाल लावा. इथे वाचतंय कोण!