मुद्दाम चुकवलेली उत्तरं

तसं नाही हो डॉक्टर, तो आकडा बघून कपाळाला आठ्या नका घालू — कमी आलाय, मान्य, पण तो मी मुद्दाम कमी आणलाय. आता नव्या क्लबात पाय ठेवायच्या आधीच गुपित फोडतोय, पण सांगतो, आम्ही सगळेच आणतो. फुटबॉलच्या सीझनच्या सुरुवातीला तुम्ही ही स्मरणशक्तीची परीक्षा घेता — वीस शब्द दाखवायचे, मग विचारायचे — ती कशासाठी? पुढे मॅचमध्ये डोकं आपटलं की पुन्हा घ्यायची, आणि मार्क घसरले तर तीन आठवडे घरी बसवायचं. मग शहाणा माणूस काय करतो? आधीच घसरून ठेवतो. नंतर कितीही आपटा, मार्क तेवढेच. मला हे माझ्या दुसऱ्या क्लबातल्या कॅप्टननं शिकवलं, दादा म्हणायचो त्याला. म्हणायचा, स्ट्रायकर बसला तर लोक वाट बघतात, आपल्यासारखा डिफेंडर बसला तर दुसरा उभा करतात. खोटं आहे का?

बारा वर्षं, नऊ क्लब — विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. करार एकेका वर्षाचा, त्यामुळे बसणं परवडायचं नाही, आणि मी एकदाही बसलो नाही. कॉर्नर आला की डोकं घालायचं, एवढंच काम. एकदा तर मध्यंतरात दुसऱ्याच टीमच्या खोलीत जाऊन बूट काढत बसलो — सगळे हसले, मीही हसलो — उलटी झाली ती नंतर. ते नका लिहू.

बायको बाहेर बसलीय ना, ती उगाच राईचा पर्वत करते. मागच्या महिन्यात पोरीला शाळेतून आणायला निघालो आणि पोचलो कुठे, तर आधीच्या क्लबच्या गावी. दीड तासाचा रस्ता. अहो, सवय असते हाताला, होतं असं. पोर पाच वाजेपर्यंत फाटकाशी उभी. रडली नाही, पण आता रोज सकाळी शाळेचं नाव चिठ्ठीवर लिहून माझ्या खिशात घालते — सात वर्षांची आहे. तेव्हा बायकोनं शपथ घातली, पोरीची, की या वेळी परीक्षा खरी द्यायची, लबाडी नाही. मी दिली — म्हणजे दिली नाही, मुद्दाम चुकवली, मघाशी सांगितलं ना.

काय? किती शब्द मुद्दाम चुकवले? आता मोजत कोण बसतं — आठ. नाही, दहा. कुठले? थांबा, सांगतो — घोडा. घोडा होता, तो मला येत होता, मुद्दाम गाळला.

घोडा नव्हता?

बरं. हे बघा डॉक्टर, खेळाडूनं फसवलं म्हणून लिहा. त्याला फार तर दोन मॅचची बंदी होते, मी भोगतो. दुसरं काही लिहिलंत तर चौतिसाव्या वर्षी मला कोण घेतंय, आणि दुसरं काय येतं मला? भीती वाटते हो. कुठे सही करायची ते दाखवा, मी करतो. पण तिला आत बोलावू नका. ती एकच विचारेल, शपथ पाळलीत का म्हणून. पाळलीय हो मी. तेच तिला कळायला नको.